कॅनमोरचा आचारी

कॅनडातल्या कॅलगरीहून बान्फला निघालेली मंडळी वाटेत कॅनमोरला कॉफीपुरती थांबतात. आम्हीही तेवढ्यासाठीच उतरलो होतो, पण दोन दिवस राहिलो.

गाव देखणं आहे, वाद नाही. समोर थ्री सिस्टर्सची तीन शिखरं, खाली बो नदी. कोळसा मात्र शोधावा लागतो. १८८७ पासून १३ जुलै १९७९ पर्यंत हे गाव कोळशाच्या खाणीवर जगलं. खाण बंद झाली, १९८८ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी इथे स्कीइंगचं केंद्र उभं राहिलं आणि मग सगळा नूरच पालटला. जमिनीखाली जुने बोगदे अजून आहेत. त्यांच्यावर घर बांधायचं तर आधी खालची पोकळी तपासावी लागते. आणि वरच्या घरांच्या किमती? कॉफी देणाऱ्या, खोल्या आवरणाऱ्या माणसाला त्या गावात छप्पर मिळणं मुश्किल. माझा राग इथेच आहे. ज्यांच्या कष्टावर गाव चालतं त्यांना कडेला ठेवायची इथली सवय जुनीच आहे.

गावावर उभा असलेला 'हा लिंग' नावाचा डोंगर बघा. 'हा लिंग' हे हॉटेलातल्या एका चिनी आचाऱ्याचं नाव. १८९६ मध्ये पन्नास डॉलरची पैज लावून तो शिखरावर निशाण रोवून जेवणाच्या वेळेला परत आला. कुणाचा विश्वास बसेना, म्हणून मोठं निशाण घेऊन लोकांसोबत पुन्हा चढला! तरीही तेव्हा डोंगराला त्याचं नाव मिळालं नाही. 'चायनामन्स पीक' हे हिणवणारं नाव १९९७ पर्यंत टिकलं.

दुसऱ्या दिवशी बँकहेडला गेलो. बान्फ राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, हो, उद्यानातच, १९०३ ते १९२२ कोळशाची खाण होती. पुढे घरं उचलून दुसऱ्या गावांत नेली. आता पाया, खाणकामगारांच्या दिव्यांची खोली आणि काळ्या चुऱ्याचे ढीग उरलेत. चिनी मजुरांना त्या ढिगांच्या पलीकडे, गावापासून लांब राहावं लागे. तिथे त्यांनी परसात लावलेला रुबार्ब, लाल देठांची ती आंबट भाजी, शंभर वर्षांनंतरही उगवतो.

बायको म्हणाली, एक देठ चाखून बघू या का? पण उद्यानात साधं पानही तोडायला बंदी. कोळसा खणलेला मात्र चालला होता तेव्हा. आम्ही हात मागे घेतला.