नकाशावर गोल काढा आणि मोकळे व्हा

महानगर प्रदेशाचा आराखडा तुमच्या टेबलावर आलाय आणि विकास केंद्रं कुठे दाखवायची हे ठरत नाही? सोपं आहे. ज्याने मागितलं त्याला एक देऊन टाका. वीस नगरपालिका, वीस गोल. दोनच केंद्रं ठरवली तर उरलेल्या अठरा ठिकाणी ‘इथे मोठी कार्यालयं होणार नाहीत’ असं लेखी द्यावं लागतं, आणि असं लिहिणाऱ्याला पुढच्या बैठकीला कुणी बोलावत नाही. समजा वीस वर्षांत दोन लाख नोकऱ्या येणार आहेत. गोलामागे दहा हजार झाल्या. एवढ्यावर दर पाच मिनिटांनी रेल्वे सोडणं कुठल्याच गोलात परवडत नाही, त्यामुळे तो खर्चही वाचला.

कोपनहेगनने १९४७ मध्ये पाच बोटांचा आराखडा केला: वाढ रेल्वेमार्गांच्या बोटांवर, बोटांमधली जागा हिरवी. पुढे १,५०० चौरस मीटरहून मोठं कार्यालय स्थानकापासून ६०० मीटरच्या आतच हवं, असा नियमही आला. एवढा हेका कशाला? तुम्ही ‘शक्यतो’ हा शब्द घाला. ‘मोठी कार्यालयं शक्यतो स्थानकाजवळ असावीत.’ या शब्दाच्या फटीतून अख्खं संकुल महामार्गाकडे निसटतं आणि आराखड्याचा भंगही होत नाही.

आता स्थानकाभोवतीच्या गोलाची त्रिज्या. ८०० मीटर घ्या, म्हणजे दहा मिनिटांची चाल. क्षेत्रफळ सुमारे दोनशे हेक्टर येतं, अहवालात शोभून दिसतं. मात्र कंपासनेच मोजा, पायाने मोजू नका. वसाहतींना सलग भिंती, गल्ल्या पुढे बंद, मध्ये सहापदरी रस्ता आणि तो ओलांडायला एकच पूल असला, की कंपासने ३०० मीटरवरचं घर चालत सव्वा किलोमीटरवर जातं. दर शंभर-सव्वाशे मीटरवर आरपार गल्ली ठेवा, असा आग्रह कुणी धरलाच तर सुरक्षेचा मुद्दा काढा. सुरक्षेपुढे कुणी बोलत नाही.

चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम चालेल तो आकडा, हवा तेवढा वाढवा, पण कर्मचाऱ्यामागे एका पार्किंगची सक्ती तशीच ठेवा. एका गाडीला, वळण्याची जागा धरून, २५ ते ३० चौरस मीटर लागतात. कार्यालयात माणसाला दहा-पंधरा पुरतात. वाढवून दिलेल्या मजल्यांवर गाड्यांची सोय माणसांहून ऐसपैस होते. हजार गाड्या जमिनीवरच लावायच्या म्हटल्या तर अडीच-तीन हेक्टर गेले. तेही स्थानकाला खेटून, जिथून सर्वाधिक लोक चालत आले असते.

मेट्रो दुसऱ्या टप्प्यात. स्टॉकहोमजवळच्या व्हेलिंगबी या उपनगराला मेट्रो १९५२ मध्ये पोहोचली आणि केंद्राचं उद्घाटन १९५४ मध्ये झालं. तुम्ही हा क्रम उलटा करा. आधी लोकांना राहायला आणा. घरोघरी कर्ज काढून गाडी घेतली गेली, की ती घरं प्रवासी-अंदाजातून वजा करा आणि मेट्रो तिसऱ्या टप्प्यात ढकला. तोवर अर्ध्या तासाला एक बस द्या: सरासरी पंधरा मिनिटं वाट, बस बदलायची असेल तर आणखी पंधरा. रस्ता तुंबला की रुंद करा. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ मध्ये, सेवारस्ते धरून, काही ठिकाणी २६ पदरी झाला आणि काही वर्षांतच पुन्हा तुंबला. यावरून धडा एवढाच, की सत्ताविसावा पदर राहून गेला.

परवडणाऱ्या घरांसाठी जमीन नक्की घ्या, पण केंद्र जाहीर करून भाव चढल्यावर.

सुगम्यता, म्हणजे व्हीलचेअरवाल्यांना आणि दृष्टिहीनांनाही सहज वावरता येणं, परिशिष्टात टाका. १:१२ चा उतार म्हणजे ६० सेंटिमीटर चढायला ७.२ मीटर लांबी, शिवाय वर-खाली सपाट जागा. मग कारंजं कुठे बसवणार? १:६ चा करा, ३.६ मीटरमध्ये उरकतो. व्हीलचेअर मागे कलंडू शकते, पण तपासणीच्या यादीत ‘रॅम्प आहे का?’ एवढंच विचारलेलं असतं. पदपथ नकाशात तीन मीटरचा दाखवा. दिव्याचे खांब, विजेच्या पेट्या आणि पाट्या एका पट्टीत ठेवल्या तर दोन मीटर मोकळे राहतात, म्हणून त्या आलटून पालटून दोन्ही कडांना लावा. पदपथाची कड जिथे रस्त्याच्या पातळीला उतरवलीय, तिथे पाणी यायच्या आधी ते गिळणारी जाळी नको. जाळी पुढे लावा, म्हणजे पहिल्या सरीतच नेमकं तिथे डबकं होतं. दृष्टिहीनांसाठीच्या उठावदार फरशा सेइइची मियाके यांनी शोधल्या आणि त्या १९६७ मध्ये जपानच्या ओकायामात पहिल्यांदा बसल्या. तुम्हीही बसवा, अगदी सरळ रेषेत. वाटेत खांब आला तरी वळवू नका, रेषा बिघडते. स्थानकात लिफ्ट एकच ठेवा; ती दुरुस्तीला गेली की व्हीलचेअरवाल्यांसाठी स्थानकही दुरुस्तीला जातं.

शेवटी प्रगती मोजावी लागेल. ‘बसथांब्यापासून ५०० मीटरच्या आत राहणारी लोकसंख्या’ हा निकष घ्या. त्यात बस किती वेळाने येते, रात्री आठनंतर येते का, हे विचारलं जात नाही. आकडा कमी भरला तर थांबे वाढवा. एक खांब, एक पाटी, एवढाच खर्च.