आधी अक्षरे की आधी शब्द? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

लहान मुलांना रोज वाचून दाखवावे आणि वाचता वाचता त्यांच्याशी बोलत राहावे, असे सुचवणाऱ्या माझ्या लेखावरील आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आपण अनेक वर्षे पहिलीचा वर्ग सांभाळला असल्याचे लिहिले आहे, तेव्हा दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. आपले म्हणणे असे, की मुलाची अक्षरओळख पक्की झाली की शब्द आपोआप येतात, त्यामुळे गप्पांवर एवढा भर देण्याचे कारण नाही. शिवाय हा भर ज्या ‘तीन कोटी शब्दां’च्या संशोधनावर उभा आहे (गरीब घरांतल्या मुलांच्या कानावर सुरुवातीच्या वर्षांत सधन घरांतल्या मुलांपेक्षा इतके कमी शब्द पडतात, असे सांगणाऱ्या), तेच वादात सापडले आहे. बोलण्यासाठी मधे मधे थांबल्याने गोष्टीचा विचका होतो, मग थांबावे तरी कुठे, असे आपण विचारता; आणि पाठ झालेले पुस्तक ‘वाचणाऱ्या’ मुलाचे कौतुक करणे ही पालकांची आत्मवंचना आहे, असेही आपण म्हणता.

अक्षरओळख पद्धतशीर शिकवावी लागते, याबद्दल माझा आपल्याशी काडीचाही मतभेद नाही. बोलणे मूल कानावर पडून शिकते, वाचणे तसे येत नाही. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी 1986 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार वाचनाचे आकलन म्हणजे लिखित चिन्हे उलगडण्याची क्षमता आणि बोललेली भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार होय. गुणाकारात एक बाजू शून्य असली तर दुसरी कितीही मोठी असून उपयोग नसतो, हे आपण वर्गात पाहिलेच असेल : धडा घडाघडा वाचणारे, पण काय वाचले ते सांगता न येणारे मूल प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचे असते.

माझा आक्षेप आहे तो ‘आधी अक्षरे, मग शब्द’ या क्रमाला, कारण निदान मराठीत तरी अक्षरवाचनच शब्दांच्या आधाराने चालते. नुकतेच वाचू लागलेले मूल ‘कमळ’ हा शब्द प्रत्येक अक्षरातला अ पूर्ण उच्चारत क-म-ळ असा वाचते. शेवटचा अ आपण बोलताना गाळतो, पण लिपीत त्याची कोणतीही खूण नसते. ज्या मुलाने तो शब्द ऐकलेला असतो, ते क्षणभर अडखळते आणि स्वतःच ‘कमळ’ असे सुधारून घेते. तेच मूल ‘निबर’ हा कधीच न ऐकलेला शब्द तीन सुट्या अक्षरांत वाचून पुढे जाते आणि आपले काही चुकले असे त्याला वाटतही नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च लिहायला एकच, उच्चारायला मात्र वेगळा. हा फरक पाटीवर कितीही गिरवून कळत नाही, तो कानातच असावा लागतो. शब्द आपोआप येतात हे खरे आहे, पण ते जे मूल आधीच भरपूर आणि समजून वाचते त्याच्या बाबतीत. तिथवर पोहोचण्यासाठी लागणारे शब्द बोलण्यातूनच मिळवावे लागतात.

तीन कोटींच्या आकड्याबद्दल आपण योग्य तेच लिहिले आहे. बेटी हार्ट आणि टॉड रिझली यांचा 1995 चा अभ्यास केवळ 42 कुटुंबांचा होता, त्यांतली सर्वांत गरीब गटातली कुटुंबे तर अवघी सहा होती, आणि तो आकडा महिन्यातून तासाभराच्या ध्वनिमुद्रणांवरून हिशेबाने काढलेला होता. गरीब घरांवर शिक्का मारण्यासाठी त्याचा जो सर्रास वापर झाला, तो मलाही खटकतो. मात्र माझे म्हणणे त्या आकड्यावर उभे नाही. चार ते सहा वर्षांच्या 36 मुलांच्या 2018 मधील एका अभ्यासात मोठ्यांनी उच्चारलेल्या एकूण शब्दांपेक्षा मूल आणि मोठे माणूस यांच्यातील बोलण्याची देवाणघेवाण अधिक महत्त्वाची दिसली, आणि तीही कुटुंबाचे उत्पन्न विचारात घेतल्यानंतर. मुलावर शब्दांचा मारा करावा असे मी म्हणतच नाही, त्याने उत्तर द्यावे असे म्हणतो.

म्हणूनच कुठे थांबावे हा आपला प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. पहिल्या वाचनात मुळीच थांबू नये. गोष्ट गोष्टीसारखी होऊ द्यावी. मुले तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागतात, आणि मोठ्यांना कंटाळवाणी वाटणारी ही सवय इथे फार उपयोगी पडते. समजा, चित्रात चिखलात फसलेली गाडी आहे. ‘हे काय आहे?’ असे विचारल्यास ‘गाडी’ एवढेच उत्तर येईल आणि संभाषण संपेल. ‘गाडीला काय झाले?’ असे विचारले तर मूल ‘अडकली’ म्हणेल. त्यावर ‘हो, तिची चाके चिखलात रुतली’ असे म्हणून पुढे वाचावे. अर्थ सांगत बसू नये. दोन दिवसांनी वाळूत पाय रुतला, आठवड्याने ओल्या मातीत काठी रुतली, की ‘अडकणे’ आणि ‘रुतणे’ यांतला फरक मुलाला व्याख्येविना उमगतो. एका पुस्तकातून असे दोन-तीन शब्द पुरेत. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये पालकांना नेमक्या अशाच प्रकारे प्रश्न विचारून वाचायला शिकवले, तेव्हा महिनाभरातच त्यांची मुले भाषेच्या चाचण्यांत, नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढे गेलेली आढळली.

पाठ झालेले पुस्तक म्हणणे म्हणजे वाचन नव्हे, हेही मान्य. चित्रावरून शब्द ओळखण्याची सवय पुढे जड जाते, म्हणून तिला उत्तेजन देऊ नये. पण त्याच पाठांतराचा उपयोग करून घेता येतो : मूल ओळ म्हणत असताना त्याचे बोट शब्दाखालून सरकवावे, मग मधल्याच एका शब्दावर थांबून ‘हा कोणता?’ असे विचारावे. मूल बहुधा ओळ पहिल्यापासून पुटपुटत तिथवर येईल. येऊ द्यावे, आणि पोहोचल्यावर त्या शब्दातले त्याच्या ओळखीचे अक्षर दाखवायला सांगावे. चित्र हाताने झाकून हेच करून पाहिले, की मूल कुठवर पाठांतरावर चालले आहे आणि कुठून खरोखर वाचू लागले आहे, हे आपल्यासारख्या अनुभवी शिक्षिकेला लगेच कळेल.