लेप्टिनचे थेंब घ्या, पण आधी थायरॉईडची गोळी सोडा म्हणे!

‘जाड माणसाच्या अंगात लेप्टिन कमी पडतं, म्हणून मेंदूला पोट भरल्याचं कळत नाही. आमचे वनस्पतीजन्य लेप्टिन थेंब उपाशीपोटी जिभेखाली घ्या. 21 दिवसांत मेंदू रिसेट, वजन पुन्हा वाढणार नाही. थायरॉईडची गोळी बंद करा, वजन तीच वाढवते. रात्री लवकर झोपा.’ हा मेसेज मला मावशीने पाठवला. खाली तिची पुस्ती: ‘गोळी सोडली, छान वाटतंय.’

आधी गोळीचंच बोलू, बाकीचं थांबू शकतं. थायरॉईड मंद असेल तर शरीराचा ऊर्जेचा खर्चच कमी होतो आणि वजन वाढतं. गोळी ती उणीव भरून काढते. म्हणजे सोडली तर वजन वाढायचीच भीती. आणि ‘छान वाटतंय’चं म्हणाल, तर या औषधाचा रक्तातला साठा नुसता निम्मा व्हायला साधारण आठवडा लागतो. थकवा, बद्धकोष्ठ, चेहऱ्यावरची सूज सावकाश येते, तोवर श्रेय थेंबांना देऊन झालेलं असतं. डोस कमी-जास्त करायचा तो टीएसएच (थायरॉईडचं काम कसं चाललंय हे सांगणारी रक्ततपासणी) बघून डॉक्टरांनी. ग्रुपवरच्या कुण्या काकांनी नव्हे.

आता लेप्टिन. हे हार्मोन खरंच अंगात असतं, एवढं मान्य करावं लागेल. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने 1994 मध्ये त्याचं जनुक शोधलं. चरबीच्या पेशी ते रक्तात सोडतात. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये ते भूक चेतवणाऱ्या पेशींना आवरतं आणि तृप्तीच्या पेशींना जागं करतं. अगदी मोजक्या मुलांत ते जन्मतःच तयार होत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी 1997 मध्ये नात्यातली अशी दोन मुलं नोंदवली. त्यातल्या आठ वर्षांच्या मुलीचं वजन होतं 86 किलो. अशा मुलांना लेप्टिनची इंजेक्शनं दिली की भूक खरोखर आटोक्यात येते. मेसेजवाल्याने धागा इथूनच उचलला असणार.

पण बाकी लठ्ठ माणसांची गोष्ट नेमकी उलटी. 1996 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन सरासरी चौपट सापडलं. चरबी जास्त तितकं लेप्टिन जास्त. मेंदूच त्याला पुरेशी दाद देत नाही. तिथे आणखी थेंब घालून काय होणार? शिवाय लेप्टिन हे प्रथिन. पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जाणार. इन्सुलिनही प्रथिनच, ते टोचून का घ्यावं लागतं, हा प्रश्न घरोघरी मधुमेह असलेल्या आपल्या लोकांना पडू नये? आणि झाडपाल्यात लेप्टिन आलं कुठून, हे तर कुणी विचारलंच नाही.

21 दिवसांचं थोडक्यात: वजन उतरलं की लेप्टिनही उतरतं आणि मेंदू दुष्काळ पडल्यासारखा भूक वाढवतो. मेलबर्नच्या 2011 च्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या कडक डाएटनंतर वर्ष उलटलं तरी भुकेशी संबंधित हार्मोन्स पूर्वपदावर आले नव्हते. म्हणून उतरलेलं वजन परत चढतं, आणि नातेवाईक म्हणतात, ‘जिभेवर ताबा नाही.’

राहिली झोप. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, त्यामुळे तो सल्ला बरोबर आहे. तो पाळायला मात्र थेंबांची बाटली मागवावी लागत नाही.