खुलासा : गिलिगनला झालेली शिक्षा खुनाची नव्हती

‘पत्रकार व्हेरोनिका गेरिन यांच्या खुनाबद्दल टोळीप्रमुख जॉन गिलिगनला 28 वर्षांची शिक्षा झाली’ हा फिरत असलेला मजकूर चुकीचा आहे. 26 जून 1996 रोजी डब्लिनजवळ नास रोडवर, लाल सिग्नलला गाडी थांबलेली असताना, मोटारसायकलवरून आलेल्या दोघांपैकी एकाने गेरिन यांच्यावर गोळ्या झाडल्या. या खुनाच्या आरोपातून 2001 साली, ज्यूरीविना तीन न्यायाधीशांपुढे चालणाऱ्या स्पेशल क्रिमिनल कोर्टाने गिलिगनची निर्दोष मुक्तता केली. त्याच्यावरचा संशय न्यायालयाने बोलून दाखवला; परंतु टोळीतल्याच साथीदारांच्या साक्षींना पुरेसा स्वतंत्र दुजोरा नसल्याने, केवळ संशयावर दोषी ठरवणे त्याने नाकारले, आणि ते योग्यच होते.

28 वर्षांची शिक्षा झाली ती गांजाच्या तस्करीबद्दल. अपिलात ती 20 वर्षांची झाली आणि 2013 मध्ये तो सुटला. खुनात मात्र गिलिगनच्या टोळीतला ब्रायन मीहन दोषी ठरला. गेरिन यांच्या हत्येनंतर काही महिन्यांतच आयर्लंडने गुन्ह्यातून कमावलेली मालमत्ता जप्त करणारा ‘क्रिमिनल ॲसेट्स ब्युरो’ उभारला. गेरिन यांच्याबद्दल आदर असणाऱ्यांनी तरी हा मजकूर दुरुस्त करूनच पुढे पाठवावा, ही कळकळीची विनंती.