अ‍ॅड्रेनालिन खरंच मेंदूचं रक्त तोडतं का?

एक संदेश सध्या जोरात फिरतो आहे. आशय असा: राग किंवा भीती आली की अ‍ॅड्रेनालिन उसळतं, ते मेंदूच्या धमन्या आवळतं, रक्तपुरवठा निम्म्यावर येतो आणि डोकं चालेनासं होतं. उपाय म्हणून जोरजोरात, भराभर श्वास घ्या. शिवाय बीटा-ब्लॉकरच्या (रक्तदाब, धडधड कमी करणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्यांच्या मेंदूतल्या धमन्या कायम मोकळ्या राहतात, म्हणे. यातलं अ‍ॅड्रेनालिन उसळतं एवढं खरं. पुढचं एकेक पाहू.

‘अ‍ॅड्रेनालिन धमन्या आवळतं.’ हे कोणता रिसेप्टर (पेशीवरचा, संदेश टिपणारा रेणू) चेतवला जातो यावर ठरतं. हे रिसेप्टर अल्फा आणि बीटा अशा दोन जातींचे आहेत, ही मांडणी अमेरिकी औषधशास्त्रज्ञ रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये केली. धमनीच्या स्नायूपेशीवरचा अल्फा-१ चेतला की पेशीत कॅल्शियम वाढतं आणि स्नायू आवळतो. बीटा चेतला की सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो आणि तोच स्नायू सैलावतो. दोन्ही एकाच भिंतीत नांदतात, त्यामुळे जोर कुणाचा हे महत्त्वाचं. डुकराच्या मेंदूच्या तळाची बेसिलर धमनी वेगळी काढून तिच्यावर त्याचंच भावंड असलेलं नॉरअ‍ॅड्रेनालिन सोडलं, तर ती चक्क सैलावते. तिथे बीटा-१ वरचढ ठरतो. माणसाच्या मेंदूतल्या धमन्या अशा प्रयोगात आवळतात हे मान्य, पण प्रयोगशाळेतल्या भांड्यात धमनीवर औषध थेट पडतं. शरीरात तसं होत नाही.

कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक अडसर आहे. रक्तातलं अ‍ॅड्रेनालिन तो सहजी ओलांडत नाही, आणि जे आत शिरू पाहतं त्यातलं बरंचसं धमनीच्या अस्तरातली एन्झाइम्सच मोडून टाकतात. संदेश लिहिणाऱ्याने हा अडसर विचारातच घेतलेला नाही.

‘रक्तपुरवठा निम्मा होतो.’ हे माणसांवर मोजलं गेलं आहे, तेही फार पूर्वी. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिरेतून अ‍ॅड्रेनालिन दिल्यावर मेंदूचा रक्तप्रवाह आणि ऑक्सिजनचा वापर दोन्ही साधारण २० टक्क्यांनी वाढले. नॉरअ‍ॅड्रेनालिनने प्रवाह थोडासा घटला, निम्मा नव्हे. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे गंभीर संसर्गामुळे, रक्तदाब कोसळतो तेव्हा अतिदक्षता विभागात पहिली पसंती नॉरअ‍ॅड्रेनालिनलाच असते, आणि हेतूंपैकी एक मेंदूपर्यंत रक्त पोचावं हाच असतो.

मग मेंदूच्या धमन्यांवरच्या सिम्पथेटिक नसा (ताणात शरीराला सज्ज करणाऱ्या) करतात तरी काय? मला हा या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. त्या नसा अडसराच्या बाहेरच्या बाजूने, मानेतल्या गँग्लियॉनमधून (चेतापेशींच्या गाठीतून) येतात आणि मोठ्या धमन्यांना वेढतात. एरवी त्यांचा प्रभाव बेताचाच. पण रक्तदाब एकदम उसळला की त्या मोठ्या धमन्या आवळून धरतात, म्हणजे दाबाचा तडाखा पुढच्या नाजूक वाहिन्यांना बसू नये. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे दिसलं आहे. संदेशात ज्याला घात म्हटलं आहे, ते इथे संरक्षण आहे.

‘भराभर श्वास घ्या.’ इथे मात्र संदेश धोकादायक वळण घेतो. मेंदूच्या धमन्यांवर सर्वांत मोठी हुकमत कार्बन डायऑक्साइडची. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब १ मिमी पाऱ्याने बदलला की मेंदूचा रक्तप्रवाह ३ ते ४ टक्क्यांनी बदलतो. भराभर श्वासाने हा वायू बाहेर फेकला जातो, ४० चा दाब २०-२५ वर आला तर प्रवाह जवळपास निम्मा होतो. घाबरल्यावर येणारी भोवळ, बोटांना येणाऱ्या मुंग्या बऱ्याचदा यातूनच येतात. म्हणजे निम्म्याचा आकडा खरा निघाला, पण तो उपायाच्या खाती जमा आहे! सावकाश श्वास घेणं ही निराळी गोष्ट, त्याला कुणाची हरकत नाही.

बीटा-ब्लॉकरचं सांगायचं तर वर आलंच आहे: बीटा सैलावणारा. त्याला अडवून धमनी मोकळी होईल कशी? प्रोप्रानोलॉल हा बीटा-ब्लॉकर मायग्रेन टाळायला देतात हे खरं, पण धमन्या रुंदावल्याने ते काम करतं असं नाही.

एका बाबतीत मात्र सावध राहायलाच हवं. मेंदूच्या धमन्या जागोजागी आवळण्याचा एक आजार आहे, आणि तो कोकेन, अ‍ॅम्फेटामिन किंवा सर्दीच्या गोळ्यांतल्या स्यूडोएफेड्रिनसारख्या औषधांनीही सुरू होऊ शकतो. मिनिटभरात कळस गाठणारी, पूर्वी कधीच न अनुभवलेली डोकेदुखी हे त्याचं लक्षण; मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाचंही तेच. त्या वेळी तातडीने रुग्णालय गाठावं. उलट, तीव्र अ‍ॅलर्जीत जीव घाबरा झालेल्या माणसाला अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन द्यायला मात्र या संदेशापायी कुणी कचरू नये.