‘मोबाईलमध्ये टॉर्च असतोच की’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

रानावनातल्या प्रवासासाठी टॉर्च कसा निवडावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोन-तीनदा वाचली. मुद्दे नेमके आहेत, त्यामुळे चार ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला पटेना. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं : हल्ली प्रत्येकाकडे फोन आणि पॉवरबँक असते, मग वेगळा टॉर्च ही निव्वळ हौस. दहा हजार लुमेनचे (लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप) टॉर्च मिळत असताना मी तीनशे लुमेन पुरे म्हणतो. यूएसबीने चार्ज होणारे टॉर्च सोडून सेल बदलण्याच्या जुन्या पद्धतीला धरून बसतो. पाण्याबद्दल चुकीची माहिती देतो. आणि इतकं लिहूनही एका मॉडेलचं नाव सांगत नाही.

पाण्याच्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात, म्हणून आधी तेच. ‘आयपीएक्स ८ असेल तर पाण्याची चिंताच नको’ हे माझं वाक्य चुकलेलं होतं. (आयपीएक्स म्हणजे वस्तूत पाणी शिरतं का, याच्या चाचणीचं मानांकन.) लेखात ते आज बदललं आहे. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं, आणि ८ म्हणजे त्याहून कडक अट, जी उत्पादक स्वतः जाहीर करतो. पण ही चाचणी साचलेल्या, स्वच्छ पाण्यातली असते. जोराच्या धारेची चाचणी वेगळी, तिचे आकडे ५ आणि ६. बुडवण्याच्या चाचणीत पास झालेला टॉर्च धारेतही टिकेल, असं त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय ‘एक्स’च्या जागी धुळीचा आकडा असतो, तिथे एक्स आहे म्हणजे धुळीसाठी तपासणी नोंदवलेली नाही. वाळूतून, मातीच्या रस्त्यावरून जायचं असेल तर तिथे ६ हवा, म्हणजे आयपी ६८. आणि हे सगळं नव्या टॉर्चचं झालं. झाकणाच्या आट्यांजवळची रबरी रिंग सुकली, तिच्यात वाळूचा एक कण अडकला, की छापलेल्या आकड्याला अर्थ राहत नाही. ती रिंग पुसणं, तिला योग्य ग्रीस लावणं आणि एक जादा रिंग जवळ ठेवणं हे मूळ लेखात यायला हवं होतं.

आता फोन. माझी अडचण फोनच्या उजेडाबद्दल नाही. तंबूत वस्तू शोधायला, वाटेतला दगड बघायला तो पुरतो. अडचण अशी की फोन संपला की उजेडाबरोबर नकाशा जातो, जागा कळवायची सोय जाते आणि मदतीला हाक मारायची सोयही जाते. एकदा रात्री डोंगर उतरताना आमच्यातला एक जण फोनच्या उजेडात चालत होता. थंडी चांगलीच होती. बॅटरी अठरा टक्के दाखवत असताना फोन अचानक बंद पडला. लिथियम-आयन बॅटरी थंडीत अशी वागते : आतला रोध वाढतो, व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि शिल्लक असूनही फोन मिटतो. पॉवरबँक होती, पण वायर आणि फोन एका हातात धरून ओल्या उतारावर चालणं म्हणजे आधाराचा हात गमावणं. पुढचं सगळं अंतर तो माझ्या मागे, माझ्या उजेडात, माझ्या पावलावर पाऊल टाकत उतरला. मलाही त्याच्यासाठी दर दोन पावलांनी मागे वळून झोत धरावा लागत होता. त्या रात्रीनंतर मी कोणाच्याही सामानात आधी हेडटॉर्च, म्हणजे कपाळावर बांधायचा टॉर्च, आहे का ते विचारतो. दोन्ही हात मोकळे असणं ही हौस नाही.

दहा हजार लुमेनचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण फसगत तिथेच होते. एक साधा हिशोब मांडू. टॉर्चमध्ये नेहमी दिसणारा १८६५० हा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. चांगल्यातल्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास, म्हणजे साधारण साडेबारा वॉट-तास इतकी साठवलेली ऊर्जा. एलईडी, भिंग, सर्किट यांतलं सगळं नुकसान धरलं तर एका वॉटमागे बाहेर पडणारा उजेड ढोबळमानाने शंभर लुमेन. म्हणजे त्या सेलच्या पोटात साडेबाराशे लुमेन-तास आहेत. १०० लुमेनवर तो बारा तास चालेल, ३०० वर चार तास, १००० वर सव्वा तास. १०,००० वर? सात-साडेसात मिनिटं, तीही कागदावर, कारण तेवढ्या उजेडाला लागणारे शंभर वॉट हा सेल देऊच शकत नाही. अशा एका सेलच्या टॉर्चवर १०,००० छापलेलं दिसलं तर तो आकडा खोटा समजा आणि तो टॉर्च खाली ठेवा. तीन-चार सेलचे खरेखुरे प्रखर टॉर्च असतात, हे मान्य. पण त्यांनाही उष्णतेचं बंधन सुटत नाही. मुठीत मावणाऱ्या अॅल्युमिनियमच्या नळीला एवढी उष्णता बाहेर टाकता येत नाही. त्यामुळे आतलं सर्किट थोड्याच वेळात उजेड उतरवतं, आणि त्याने तो उतरवायलाच हवा, नाहीतर एलईडी आणि सेल दोन्ही धोक्यात येतील.

मग खोक्यावर ‘१००० लुमेन, १२ तास’ हे दोन्ही शेजारी-शेजारी कसं छापतात? २००९ साली अमेरिकेत एफएल-१ नावाचं मानक आलं. आज जबाबदार उत्पादक मोजमापासाठी तेच वापरतात. त्यात टॉर्च किती वेळ चालला हे मोजताना सुरुवातीचा उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे पहिली काही मिनिटं हजार, नंतर दीडशे, आणि बाराव्या तासाला शंभर, तरी खोक्यावरचं वाक्य नियमात बसतं. पल्ल्याचंही तसंच. झोताचा उजेड पाव लक्सवर (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) येतो ते अंतर म्हणजे पल्ला, आणि पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. २०० मीटर पल्ला लिहिलाय म्हणून २०० मीटरवरची वाट ओळखू येईल असं धरू नका. मी तरी निम्मंच अंतर धरतो. तो पल्ला दुप्पट करायचा तर झोताची तीव्रता चौपट लागते, म्हणजे १०,००० कँडेलाच्या (तीव्रतेचं एकक) जागी ४०,०००. म्हणून नुसते लुमेन वाढवत जाण्यापेक्षा झोत कसा आहे हे बघणं जास्त कामाचं. चालताना मला पायापुढे पसरट, सौम्य उजेड लागतो, आणि दूरचं पाहायला अधूनमधून अरुंद झोत. अति प्रखर उजेड जवळच्या फिक्या दगडांवरून परत डोळ्यांत येतो, बाहुल्या आकसतात आणि त्यापलीकडचं रान आणखी काळं होतं. धुक्यात हे फार जाणवतं. तिथे कपाळावरचा हेडटॉर्च काढून कमरेजवळ धरा. उजेड डोळ्यांच्या रेषेतून खाली गेला की समोरची पांढरी भिंत बरीच विरते.

तीनशे लुमेन हा आकडा मी या हिशोबातून काढला होता. एका सेलवर चार तास खरोखर टिकणारा उजेड. तुमच्याकडे हजार लुमेनची पातळी असलेला टॉर्च असेल तर माझी हरकत नाही. पण तो विकत घेताना मधल्या पातळीवर किती तास चालतो तेवढंच बघा.

सेल बदलण्याच्या मुद्द्यावर मी ठाम आहे, पण तुम्ही समजलात तसं नाही. यूएसबीने चार्ज होणं सोयीचंच आहे, मीही तसाच टॉर्च वापरतो. माझा विरोध आत बंद केलेल्या, काढता न येणाऱ्या बॅटरीला आहे. ती उतरली की चार्जिंग होईपर्यंत टॉर्च बाजूला पडतो, आणि काही वर्षांनी ती थकली की टॉर्चच फेकावा लागतो. सेल काढता येत असेल तर अंधारात अर्ध्या मिनिटात पूर्ण उजेड परत येतो. आणखी एक गोष्ट, जी मी मूळ लेखात नीट सांगितली नव्हती. लिथियम-आयन सेल शून्य अंशाखाली चार्ज करू नये. आत धातूच्या रूपात लिथियम साचतं आणि सेल कायमचा बिघडतो. बर्फाळ मुक्कामावर रात्री टॉर्च पॉवरबँकेला लावून झोपणं म्हणूनच वाईट. अशा ठिकाणी डबल ए (पेन्सिल सेलच्या) आकाराचे, एकदाच वापरायचे लिथियम सेल सगळ्यात भरवशाचे. ते उणे ४० अंशांपर्यंत काम करतात आणि नेहमीच्या अल्कलाईन सेलपेक्षा वजनाला हलके असतात. अल्कलाईन सेल थंडीत लवकर मान टाकतात, आणि टॉर्चमध्ये विसरून राहिले तर पाझरतात. माझा एक चांगला टॉर्च असाच गेला : उघडला तर पांढरी भुकटी आणि कुजलेली स्प्रिंग. डबल ए च्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम-आयन सेलही मिळतो. त्याचं व्होल्टेज ३.७ असतं, दीड नाही. टॉर्च त्यासाठी बनवलेला नसेल तर सर्किट जळू शकतं.

सुटे लिथियम सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकू नका, प्लास्टिकच्या डबीत ठेवा. विमानात ते हातातल्या सामानातच न्यावे लागतात.

बटणाबद्दल थोडंच लिहितो. हातमोजे घालून दाबता यायला हवं, आणि पिशवीत आपोआप दाबलं जाता कामा नये. प्रखर टॉर्च पिशवीत पेटला तर कपडा जळू शकतो. बऱ्याच टॉर्चचं मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की वीज तुटते. सामान भरताना मी ते नेहमी करतो. लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या सतरा तऱ्हा मला लागत नाहीत. संकटाची खूण हातानेही देता येते : मिनिटाला सहा वेळा उजेड, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. समोरून मिनिटाला तीन वेळा उत्तर आलं तर तुम्हाला पाहिलंय असं समजा. डोंगरात ही खूण बऱ्याच देशांत ओळखली जाते.

मॉडेलचं नाव मी मुद्दामच दिलं नाही. एकाच नावाखाली आतला एलईडी आणि सर्किट बदललेलं मी पाहिलं आहे, आणि ज्याने माझ्या शब्दावर विकत घेतलं त्याच्या हातात वेगळीच वस्तू पडावी हे मला नको आहे. माझ्या पिशवीत काय असतं ते मात्र सांगतो. काढता येणाऱ्या १८६५० सेलचा एक हेडटॉर्च, डबीत एक भरलेला जादा सेल, आणि डबल ए वर चालणारा छोटा हातातला टॉर्च. छोट्या टॉर्चचा सेल मी बाहेर काढून शेजारीच ठेवतो, म्हणजे तो उतरतही नाही आणि आत पाझरतही नाही.

तुमच्याकडे आता जो टॉर्च आहे तो पूर्ण चार्ज करून अंधाऱ्या खोलीत सगळ्यात प्रखर पातळीवर लावा. फोनचा कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून दर पाच मिनिटांनी समोरच्या भिंतीचा फोटो काढा, एक्स्पोजर न बदलता. उजेड कधी उतरला, आणि शेवटी हळूहळू मंदावला की एकदम विझला, ते फोटोंत दिसेल. ते फोटो पाठवलेत तर मी लेखाच्या खाली तुमच्या निरीक्षणासकट लावीन, माझ्या मताच्या विरुद्ध गेले तरीही.

आणि पाण्याबद्दलची चूक दाखवलीत त्याबद्दल मनापासून आभार.