एटीएमवरचा तो एक प्रश्न

परदेश प्रवासात पैसे कसे सांभाळावेत, यावरच्या लेखातला 'दोन कार्डं वेगवेगळ्या जागी ठेवा' हा सल्ला पटला. पण मशीनसमोरची खरी फसगत राहून गेली. परदेशात पैसे काढताना पडद्यावर विचारतात, 'रक्कम तुमच्या देशाच्या चलनात वजा करू का?' तिथे नकारच द्या. होकार दिला की विनिमय दर कार्ड कंपनीचा नाही, मशीनवाल्याचा लागतो आणि तो बहुतेक वेळा महागच पडतो. नकार दिल्याने व्यवहार रद्द होत नाही, नोटा मिळतातच, घाबरू नका. दुकानातही पिन टाकण्याआधी रक्कम स्थानिक चलनात दिसतेय ना, ते बघा.

आणि कार्ड ब्लॉक करायचा नंबर कृपया कागदावरही लिहून ठेवा, तोही परदेशातून लागणारा. टोल-फ्री नंबर बाहेरून बहुधा लागत नाही.